बुद्धरत्नने मैत्रीला तयार केलं

चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात. तिथे नवीन आलेल्या पोराला मशीनवर सोडायचं की नाही हे ठरवणारा माणूस म्हणजे बुद्धरत्न सोनकांबळे. साहेबलोकांच्या सह्या नंतर व्हायच्या, पण सोनकांबळे सरांनी मान हलवल्याशिवाय पोरगं लाइनवर जात नसे. त्याच्या शिकवायच्या खोलीला सगळे डोजो म्हणत. शब्द जपानी, खोली पत्र्याची आणि शिकायला येणारी पोरं लातूर-नांदेड-परभणीकडची. खोलीत एक जुनं प्रेस मशीन होतं, त्यावर सराव चालायचा.

तो स्वतः अहमदपूरकडचा. आयटीआय करून आला आणि भोसरीत एका खोलीत राहिला. तिथे शिफ्ट बदलली की गादीवरचा माणूस बदलायचा. पुढे परमनंट झाला, अंजलीशी लग्न झालं, ती सांगवीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला लागली, रहाटणीत फ्लॅट झाला, मैत्री झाली. एवढ्या वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराचं बोट प्रेसखाली गेलं नव्हतं. पत्र्याच्या धंद्यात ही लहानसहान गोष्ट नाही, आणि ती लहानसहान नाही हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

नवीन पोराच्या 'हो सर'ला तो काडीची किंमत देत नसे. समजलं का? हो सर. जमेल का? हो सर. गावाकडून आलेलं पोरगं साहेबाला नाही म्हणायला मशीनपेक्षा जास्त घाबरतं, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो मुद्दाम चुकीचं सांगायचा. मशीनची वीज गुपचूप तोडून ठेवायची आणि हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या जाळीकडे बोट दाखवून सहज म्हणायचं, "जाळी राहू दे आता, घाल तसाच हात." ज्याने हात पुढे केला, तो परत बाकावर. चाचरत का होईना, जो म्हणेल, "नाही सर, जाळीशिवाय नाही," त्याच्या पाठीवर थाप. ही युक्ती पुढच्या बॅचच्या कानावर जायचीच, म्हणून दर वेळी तो चुकीचं काहीतरी नवं शोधून काढायचा. नाही म्हणता येत नाही तोवर माणूस तयार नाही, एवढं एकच तत्त्व घेऊन त्याने नोकरी केली आणि ती उत्तम केली.

अशा माणसाच्या घरी मैत्री. वय वर्षं नऊ. कुकरला वाफ धरली की शिट्टीच्या आत ती गॅलरीत पोचलेली असे. लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही, दप्तर घेऊन चार मजले चढायची. डीजेची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की हिचा मुक्काम पलंगाखाली. आणि नको असेल ते ती नको म्हणायची, तेही असं ठणकावून की खालच्या मजल्यावर ऐकू जावं. डोजोच्या हिशेबाने पाहिलं तर अख्ख्या घरात तयार झालेलं माणूस हेच एक होतं. पण घरी आल्यावर बुटांबरोबर अक्कलही दाराबाहेर काढून ठेवायची काही पुरुषांना सवय असते. बुद्धरत्नला त्यातून वगळायचं काही कारण नाही.

घोडं अडलं ते फॅमिली डेला. वर्षातून एकदा कंपनी सगळ्यांना बायकापोरांसह बसमध्ये घालून घाटाजवळच्या एका मोठ्या पार्कात नेते. सगळ्यांना एकाच मापाचे लाल टी-शर्ट देतात. लहान पोरं त्यात बुडतात आणि मोठ्यांची पोटं बाहेर येतात. गेल्या वर्षी मैत्री रुळांवरून उलटीपालटी होत धावणाऱ्या मोठ्या राइडच्या रांगेतून रडत बाहेर पडली होती आणि दिवसभर आईजवळ मका खात बसली होती. परतताना बसमधल्या पोरांनी तिला 'घाबरट' म्हणून जे चिडवलं, ते वाकड येईपर्यंत थांबलं नाही. त्यांचा म्होरक्या प्रज्वल, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या विभागात, असलेल्या नवनाथचा मुलगा. नवनाथने मुलाला दटावलं आणि मग बुद्धरत्नच्या मांडीवर हात मारून म्हणाला, "सर, अख्ख्या कंपनीला तयार करता राव तुम्ही. घरचं एक लेकरू तयार होईना?"

बसमधले सगळे हसले. बुद्धरत्नही हसला. पण ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं ते वर्षभर. पुढच्या फॅमिली डेला मैत्री त्या राइडमध्ये बसलीच पाहिजे, असं त्याने ठरवून टाकलं.

आता हेही सांगायला हवं की सुरुवात त्याने फार चांगली केली. पोरीवर ओरडला नाही, लाज काढली नाही. डोजोत करायचा तसंच टप्प्याटप्प्याने घेतलं. आधी लिफ्टचं दार उघडं धरून नुसतं आत उभं राहायचं. मग एकच मजला. मैत्रीने पहिल्याच दिवशी अट घातली, "मी नको म्हटलं की थांबायचं. लगेच."

"लगेच," तो म्हणाला.

आणि खरोखर थांबायचा. ती दुसऱ्या मजल्यावर नको म्हणाली तर दुसऱ्या मजल्यावर उतरून दोघं जिन्याने वर यायचे. अंजली दारात उभी राहून हसायची, पण तिलाही हे आवडत होतं. महिन्याभरात मैत्री चौथ्या मजल्यापर्यंत लिफ्टने यायला लागली. मग बागेतला मोठा झोका झाला. मग भोसरीच्या जत्रेतला आकाशपाळणा. तिथे ती दोनदा पाळण्यापर्यंत जाऊन परत आली आणि तिसऱ्यांदा स्वतःच म्हणाली, "चला." वर गेल्यावर तिने डोळे मिटून घेतले, आणि खाली येता येता उघडले. उतरल्यावर म्हणाली, "पप्पा, वरून सगळं दिसतं हो!" त्या दिवशी बुद्धरत्नला झालेला आनंद कुठल्याही बॅचने त्याला दिलेला नव्हता.

फॅमिली डेचा दिवस उजाडला. मैत्रीने सकाळी दोन-तीन लहान राइड हसत केल्या. उंचीच्या पट्टीखाली उभी राहिली तर केस नेमके टेकले. मोठ्या राइडच्या रांगेत पुढे बुद्धरत्न आणि मैत्री, मागे नवनाथ आणि प्रज्वल, त्यांच्यामागे निम्मा प्रेस शॉप. अंजलीला चक्कर यायची म्हणून ती खाली पर्सा सांभाळत उभी. रांग लांब होती. दर फेरीला डोक्यावरून गाडी जायची आणि लोकांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या. मैत्री बोलायची थांबली. बुद्धरत्नने विचारलं, "तयार?" ती म्हणाली, "हो." त्याने तिचा हात हातात घेतला, तो गार पडला होता. एखाद्या ट्रेनीचा हात असा लागला असता तर त्याने त्याला त्या दिवशी मशीनच्या आसपास फिरकू दिलं नसतं. इथे तो म्हणाला, "शाब्बास."

दोघं बसले. छातीवर दांडा आला. पट्टे तपासणारा मुलगा एकेका खुर्चीपाशी थांबत त्यांच्यापर्यंत पोचला, तेव्हा मैत्री म्हणाली, "पप्पा, नको."

ती ओरडली नाही. हळू, स्पष्ट आणि एकदाच म्हणाली. त्या मुलानेही ऐकलं. त्याने दांड्यावर हात ठेवला आणि विचारलं, "सर, बच्ची को उतारना है क्या?"

बुद्धरत्नने मागे पाहिलं. मागच्याच खुर्चीत नवनाथने मोबाइल वर धरला होता, त्याचं शूटिंग चालू होतं. प्रज्वल मान पुढे काढून बघत होता. त्यांच्यामागे लाल टी-शर्टांची रांग.

"नहीं नहीं, चालू करो," बुद्धरत्न हसत म्हणाला. मग मैत्रीकडे वाकून म्हणाला, "आता बसलोय की आपण. कशाला भ्यायलीस? काही होत नसतं."

मैत्रीने त्याच्याकडे पाहिलं आणि मग समोर पाहिलं. गाडी सुटली.

पहिला उतार आला. आपण काय केलं ते त्याला तिथेच, उलटंपालटं होत असताना कळलं, आणि त्याला लाज वाटली. तो स्वतः बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आजूबाजूचे ओरडत होते. मैत्रीच्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही. तिने दांडा धरला होता आणि ती समोर बघत होती.

खाली आल्यावर टाळ्या पडल्या. नवनाथ म्हणाला, "वाघीण आहे राव पोरगी!" प्रज्वलने तिला टाळी दिली. सगळ्यांचा फोटो निघाला, त्यात मैत्री हसली आहे. मग तिने पाणी मागितलं. अंजलीने विचारलं, "मजा आली का गं?" मैत्री म्हणाली, "हो."

परतीच्या बसमध्ये तिला कोणी घाबरट म्हटलं नाही. भेंड्या लागल्या तेव्हा पोरांनी तिला आपल्यात ओढलं आणि ती गेली. बुद्धरत्नला वाटलं, जाऊ दे, पार पडलं. माणसाला असं वाटून घेता येतं म्हणून तर जगणं चालू राहतं.

त्यानंतर मैत्री सुधारली, असं सगळ्यांचं मत पडलं. कुकरची शिट्टी झाली तरी ओट्याशी उभी राहायची. शेजाऱ्यांनी त्यांच्या कुत्र्याला हात लाव म्हटलं, तिने लावला. शाळेतल्या टीचरनी फोन करून सांगितलं की मैत्री आता किती छान ऐकते. अंजलीची आई गावाहून बोलताना म्हणाली, "लेकरू शहाणं झालं गं माझं." बुद्धरत्न हे सगळं ऐकत होता.

मग एक दिवस ती गुडघा फोडून घरी आली. शाळेच्या कार्यक्रमासाठी पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरा करत होती आणि मैत्रीला सगळ्यात वर उभं केलं होतं. अंजलीने जखम धुतली, औषध लावलं. मैत्रीने हूं की चूं केलं नाही.

"तुला जमणार नव्हतं तर टीचरना सांगायचं नाही का?" अंजली म्हणाली.

"मी हो म्हटलं होतं."

"का पण? तुला चढायचं होतं का?"

"टीचरना पाहिजे होतं," मैत्री म्हणाली आणि दप्तर आवरायला गेली.

अंजलीने औषधाचं झाकण लावलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुमच्या लक्षात आलंय का? ही आजकाल कशालाच नको म्हणत नाही."

त्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं. असं वागणारी पोरं त्याने आयुष्यभर पाहिली होती आणि त्यांना मशीनजवळ जाऊ दिलं नव्हतं. त्यांना तो बाकावर परत बसवायचा, चार दिवस जाऊ द्यायचा, पुन्हा विचारायचा. पण ती पोरं त्याच्याकडे येतानाच तशी यायची, घरच्यांनी आणि शाळेने केलेली. हे काम त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. आणि तिला कुठल्या बाकावर बसवायचं ते त्याला कळत नव्हतं. त्याला भीती वाटत होती, अगदी साधी भीती. पुढे कोणी कोणी हिला काय काय सांगेल आणि ही हो म्हणेल, याची.

रविवारी अंजलीची ड्यूटी होती. संध्याकाळी तिला आणायला बापलेक सांगवीला लवकर पोचले आणि दवाखान्यासमोरच्या कठड्यावर भेळ घेऊन बसले. मैत्री पायांत चप्पल झुलवत होती. बुद्धरत्नने वाक्य मनात दोन-तीनदा जुळवलं. वर्गात शंभर पोरांसमोर न अडखळणारा माणूस तो.

"मैत्री," तो म्हणाला, "त्या राइडमध्ये तू नको म्हणाली होतीस. मी थांबायला पाहिजे होतं. मी कबूल केलं होतं आणि थांबलो नाही. माझं चुकलं, बेटा."

"नाही पप्पा," मैत्री पटकन म्हणाली. "मला मजा आली."

"खरं सांग. मी अजिबात रागवणार नाही. तुला जे वाटलं असेल ते सांग."

मैत्रीचा घास हातात राहिला. तिने मान वर करून त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आधी डोळ्यांकडे, मग ओठांकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे. त्याला कळलं की ती उत्तर शोधते आहे, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर शोधते आहे. तो होता होईल तेवढा शांत बसून राहिला. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून धडपडत राहिला.

खूप वेळ बघूनही तिला काही सापडलं नाही, तेव्हा तिने विचारलं, "काय सांगू, पप्पा?"