यादीतलं एक नाव

साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात तो स्टोअर सांभाळतो. चिठ्ठीशिवाय नटबोल्टसुद्धा देत नाही. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खातो आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर, इंटरनेटवरच्या कोणालाही लिहिता-खोडता येणाऱ्या मराठी ज्ञानकोशातले लेख तपासतो. शाहिरी, जलसे, लोकगीतं हे त्याचे विषय. 'थोर', 'अजरामर' असं काही दिसलं की चष्मा कपाळावर चढतो.

"थोर कोणी ठरवलं? छापील पुरावा दे, नाहीतर निघ," असं त्या लेखालाच सुनावतो आणि अख्खं वाक्य उडवतो.

त्याचे वडील जलशात गायचे. गाणी स्वतः रचायचे, पण त्यातलं एकही छापलं गेलं नाही. हा कधी त्यातल्या चार ओळी गुणगुणला की आमचे मशीनवरचे हात थांबतात. म्हणून एकदा मी जलशांवरच्या लेखात, शाहिरांच्या यादीत, गुपचूप त्याच्या वडिलांचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच त्याने विचारलं, "तूच ना रे?"

मी मान हलवली.

"पुरावा?"

"तू गातोस ना यार. सगळा गाळा ऐकतो."

"ते चालत नाही," तो म्हणाला आणि माझ्या डब्यात सुकटीची चटणी वाढली.

नाव गेलं असणार म्हणून मी पान उघडलं. नाव तिथेच होतं. पुढे त्याने फक्त लिहिलं होतं, 'संदर्भ हवा'.

"उडवलं का नाहीस?"

"राहू दे. कोणाकडे तरी जलशाचं एखादं जुनं छापील पत्रक असेल."

याला दोन वर्षं झाली. जेवायला बसला की तो आधी तेच पान उघडतो.