दुसरा जामीनदार

त्या उन्हाळ्यात मी मंगळवारचा उपवास सोडला. लग्न होऊन या घरात आल्यापासून आंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या नावाने मी तो धरत होते. ऊसतोडीला परमुलखात गेलो तरी फडात कधी मोडला नव्हता. पण त्या वर्षी वाटू लागलं, की आपण हाका मारतोय आणि पलीकडे ऐकणारं कुणी नाही. मी कुणाला सांगितलं नाही. एका मंगळवारी सकाळी भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला, एवढंच.

त्याआधीच्या एका हंगामात ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. ऊसतोडीचा कोयता सुटला, मुकादमाने पुन्हा बोलावलं नाही. तेव्हापासून हे लिंबाखाली बसून असायचे. कुणी आलं की उजवा हात धोतरात लपवायचे. मी त्यांना काही म्हणायची नाही. त्यांच्या हातातलं काम मीच उचलायची, बोलता बोलता विषय बदलायची, त्या हाताकडे बघणंही टाळायची. मला वाटायचं, हीच माया.

घर चालत होतं ते माझ्या नोकरीवर. आमचं गाव युसूफ वडगावच्या अंगाला. गावात दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं, तिथे मी दुधाचे कॅन धुवायची. पगार थोडा, पण महिन्याच्या महिन्याला हातात येणारा. त्याच्या जिवावर आमची सुमन चौथीत टिकली होती. नाहीतर तिलाही कुणाच्या तरी टोळीबरोबर फडावर धाडावं लागलं असतं. मग दुष्काळ पडला. केंद्राची बोअर आटली. टँकरचं पाणी प्यायला पुरेना, तिथे कॅन कशाने धुणार? संघाने केंद्र बंद करून सगळं काम केजला नेलं. साहेब म्हणाले, "ज्याला जमेल त्यानं केजला या. पण पहाटे दुधाच्या गाड्या लागायच्या आधी हजर पाहिजे." आमच्या गावाहून पहिली जीप निघायची ती चांगलं उजाडल्यावर.

माझ्याबरोबर काम करणारी मंगल म्हणाली, "अगं, स्कूटी घे. केजात बायांची पतसंस्था हाय, नोकरीवाल्या बाईला ती लहान कर्ज देती. मी जामीन ऱ्हाते." तिने मला आटलेल्या तलावात स्कूटी शिकवली. तळाच्या चिखलाच्या पापड्या चाकाखाली फुटायच्या आणि काठावरची पोरं हसायची. गाडी चालवायला मी लवकर शिकले. अडलं ते दुसऱ्या जामीनदारापाशी. पतसंस्थेला दोन सभासद जामीन लागत होते. माझ्या नात्यातला जो तो मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत अडकलेला. आणि खरं सांगायचं तर कुणापुढे पदर पसरायची मला सवय नव्हती. दोन घरी गेले, तिथे पाणी पिऊन, न विचारताच परत आले.

केजचं काम सुरू व्हायला आठवडा उरला तेव्हा मी पतसंस्थेत गेले. मॅनेजर बाई भल्या होत्या, पण त्या म्हणाल्या, "ताई, नियम आहे. मी काय करू?" मी बाहेर येऊन पायरीवर बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मनात देवीशी भांडण चाललं होतं. म्हटलं, बये, इतकी वर्षं तुझा वार धरला, आता तूच आत जा आणि माझ्यासाठी सही कर.

"रडतीस कावून गं?" डोक्यावरून आवाज आला.

एक जाडजूड बाई वर उभी होती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खांद्याला पिशवी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं, "दुसरा जामीनदार न्हाई मिळत."

"काम काय करतीस?"

"दूध संघात कॅन धुते."

"हात दाव बरं."

मी हात पुढे केले. धुण्याच्या सोड्याने तळवे फुटले होते, बोटांची सालं निघाली होती. तिने ते उलटेपालटे करून बघितले. "खोटं बोलत न्हाईस," ती म्हणाली. "चल आत. मी करते सही. पण ऐक, हप्ता चुकला तर दारात येऊन शिव्या दीन. मला लाज न्हाई."

मॅनेजर बाईंनी विचारलं, "शांताबाई, तुम्ही हिला ओळखता?"

"आत्ता वळखलं की," ती म्हणाली आणि सही केली.

शांताबाईंची केजच्या स्टँडजवळ खानावळ होती. जिना उतरताना त्या सहज बोलून गेल्या, की नांदूरघाटला भाचीच्या बारशाला निघाल्या होत्या, एस.टी. आलीच नाही, म्हणून बचतीचे पैसे भरायला इकडे वळल्या. एरवी त्यांचा येण्याचा वार हा नव्हताच. मी दिवस आठवला. मंगळवार होता.  आजही यावर मी कुणाशी वाद घालत नाही. एस.टी. न येणं आमच्याकडे नवलाचं नाही.

स्कूटी आली, नोकरी राहिली. उन्हाळा निभावला. पावसाळा लागला पण पाऊस नव्हता, टँकर चालूच होते, आणि त्या पाण्यानेच की काय, मला टायफॉइड झाला. मी अंथरुणाला खिळले. रजेचा पगार नाही, त्यामुळे हप्ता चुकला. त्यातच संघातून निरोप आला, की सोमवारपर्यंत वाट बघू, मग दुसरी बाई घ्यावी लागेल. तापापेक्षा त्या निरोपानेच अंग जास्त पोळलं. सुमन उशाशी बसून पट्ट्या बदलायची आणि हे दारातून नुसते बघत राहायचे.

एका दुपारी अंगणातून आवाज आला, "कुठं हाय ती हप्ता बुडवी?" शांताबाई खरंच आल्या होत्या. उंबऱ्यात पाय ठेवला, मला पाहिलं आणि पिशवी खाली टाकली. माझ्या कपाळावर हात ठेवला. मी हात जोडायला गेले तर म्हणाल्या, "पड गुमान. हप्ता मी भरते, बरी झालीस की दे." मग सगळं विचारून घेतलं. सोमवारचं कळल्यावर त्या वळल्या आणि दारातल्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन् तुमी काय करता?"

"माझा हात…" हे पुटपुटले.

"दावा."

यांनी कुणालाच तो हात दाखवला नव्हता. तो त्यांनी पुढे केला. शांताबाईंनी माझा बघितला होता तसाच उलटापालटा करून बघितला. "तीन बोटं चांगली हायेत की. कॅनला धरायला कडी असती. हिच्या जागी तुमी जा. लई झालं लिंबाखाली बसनं."

मला वाटलं, आता हे उठून निघून जातील. हे उठले, पण स्कूटीकडे गेले. संध्याकाळभर गल्लीतून ती चालवत राहिले. सोमवारी पहाटे मला न उठवता गेले. दुपारी परतले तेव्हा कपडे ओले होते आणि अंगाला दुधाचा आंबूस वास येत होता. भिंतीला टेकत म्हणाले, "साहेब आधी कुरकुरला. मग म्हन्ला, उद्या बी ये." आणि किती महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे जेवायला मागितलं! मला तर उठवत नव्हतं, सुमनने वाढलं.

मी बरी होऊन कामावर गेले तेव्हा साहेबांनी यांनाही गाडीवर कॅन चढवायला ठेवून घेतलं. पुढच्या पगारात शांताबाईंचे पैसे दिले. त्यांनी ते न मोजता कमरेला खोचले आणि आम्हाला जेवायला बसवलं.

मी आजारी पडले नसते, तर यांना मी आयुष्यभर तसंच सांभाळत बसले असते. देवीपुढे डोकं टेकणं मला कधी जड गेलं नव्हतं. माणसापुढे 'मला जमत नाही, तुम्ही हात द्या' म्हणणं जड जायचं. पण तिच्याकडून येणारं सगळं माणसांच्याच हातांनी येत असेल, तर ते नाकारून मी कुणाची भक्ती करत होते?

नवरात्रात आम्ही तिघं आंबाजोगाईला गेलो. देवीची ओटी भरली. काय काय बोलायचं, घरून ठरवून नेलं होतं. समोर उभी राहिले आणि मागायला काही आठवेना. मागून रांग ढकलत होती. "येते गं बये," एवढंच म्हणाले आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.