माझ्या आवाजातल्या तीन हाका

चौथीपर्यंत शिकले आहे, त्यामुळे लिहिण्यात चूक सापडली तर सुधारून वाचा. सुनेनं तिच्या मोबाईलवर तुम्ही छापता ते भुताखेतांचे अनुभव दाखवले. पुष्कळ वाचले. निम्म्या थापा वाटल्या, तोंडावर सांगते. कुणाच्या अंगात आलं की उठून भाकऱ्या थापायला जाणारी मी बाई. चकव्यानं अमक्याला रात्रभर फिरवलं असं वाडीत कुणी म्हणालं, की मी विचारायचे — पिऊन गेला होता का? बहुतेक वेळा पिऊनच गेलेला असायचा.

तरी लिहिते आहे, कारण गेल्या भाद्रपदापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही.

आमची वाडी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, पठारावर. मार्गासनीवरून वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं, जाते तिथवर जीप, पुढं पाय. धनगरांची थोडी घरं, शेरडं, गुरं. तरणी माणसं पुण्याला कामाला. पठाराच्या मावळतीला कारवीचं रान आहे, आणि कारवी संपली की सरळ कडा. धुकं उतरलं की हातातली काठी दिसत नाही.

तिथं सिनेमावाले आले. गोष्ट अशी — इंग्रजांच्या काळात जेल फोडून पळालेले कैदी डोंगर तुडवत घराकडं निघालेत. पोटात अन्न नाही, पायात जोडा नाही, वाटेत एकेक जण गळतो. हे उपाशी कैदी दुपारी तंबूत बसून पनीर खायचे. जेल फोडलेला हिरो आमच्या बोकडाला बघून जीपवर चढला होता.

त्यांना एक म्हातारा कैदी पाहिजे होता. आमच्या मालकांना उघडं बसवून बघितलं, तर मेकअप करणारी बाई म्हणाली, "यांना काहीच करायला नको."

"बघ, म्या तयारच हाय," मालक मला म्हणाले.

"फासळ्या बघून घेतलंय, त्वांड बघून न्हाई," मी म्हणाले.

डोकं भादरलं, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे दिले, पायात रबराची बेडी, लोखंडाचा रंग दिलेली. मालक खूष.

आता दोन गोष्टी सांगायला पाहिजेत, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एक म्हणजे, धुक्यात हाक आली तर आमच्याकडं लगेच ओ देत नाहीत. त्याच आवाजात तीनदा आली तरच द्यायची. जे माणूस नाही ते तीनदा हाक मारत नाही, असं जुनी माणसं सांगायची. मला त्यात भूत दिसत नव्हतं. कड्यावरून आवाज उलटा येतो, पहिल्या हाकेला धावलं तर माणूस भलतीकडं जाईल. तीन हाकांत दिशा कळते. शहाणपणाची रीत आहे.

दुसरी म्हणजे, मी मालकांचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यातसुद्धा "घरचे धनी" म्हणून सुटले होते. वाडीत त्यांना सगळे आबा म्हणतात. नावानं हाक मारायची ती माझी सासू, आणि ती जाऊन जमाना झाला. इथंही मी नाव लिहीत नाही.

त्या दिवशी सुनेबरोबर मी भोरला डोळे दाखवायला गेले होते. एसटी स्टँडवर सुनेचा फोन वाजला. सिनेमावाल्यांतला समीर म्हणून एक जण होता, नडलेलं सगळं तोच बघायचा.

"आजी, आबा तुमच्याबरोबर आहेत का?"

"माज्याबरोबर कशाला असतील? कैद तुमी केलंय त्यास्नी."

मग त्यानं सांगितलं. बाकीचे कैदी म्हाताऱ्याला मागं टाकून जातात आणि तो एकटा धुक्यात चालत जातो, असा प्रसंग होता. आबांना बजावलं होतं — कट म्हणेपर्यंत थांबायचं नाही. कट म्हटलं. आबा काही परत आले नाहीत. सकाळी गेले ते गेलेच.

"वाडीत सांगितलं का?"

"नाही... वाटलं, सापडतील."

एसटीनं हायवेचा फाटा, फाट्यावरून टेम्पोनं मार्गासनी, पुढं त्यांचीच जीप. बसवत नव्हतं. सून म्हणाली, "आत्या, दोन घास खावा, सकाळधरनं उपाशी हाय तुमी." मी पिशवी नुसती या मांडीवरून त्या मांडीवर घेत होते. मालक कड्याकडं गेले असतील तर तिथं गवत पुढं झुकलेलं असतं, जमीन आहे असं वाटतं — एवढंच डोक्यात.

पोचलो तेव्हा उजेड होता, पण धुकं घट्ट. मी समीरला विचारलं, "हाका मारल्या का?"

"सगळ्यांनी मारल्या, आजी. भोंग्यावरून पण."

"एकाच माणसानं एका जागी उभं राहून तीनदा मारली का?"

तसं कुणीच केलं नव्हतं. एकानं इकडून 'आबा', दुसऱ्यानं तिकडून 'आबाजी', मग भोंगा तिसऱ्याच्या हातात. मालक कुणालाच ओ देणार नव्हते. कटही एकदाच म्हटलेलं, ती तर त्यांच्या लेखी हाकच नव्हे. थांब म्हटलं नाही म्हणून ते चालतच असणार.

सगळ्यांना गप्प केलं. कारवीच्या तोंडाशी उभी राहिले. आता मीच हाक मारायची. पण काय म्हणून? "अवो" म्हटलं तर कुणाचाही अवो. नाव जिभेच्या टोकावर आलं आणि तिथंच अडकलं. लाज नव्हे, जीभच वळेना. तोंड उघडून उभी होते. घशातून चकार शब्द निघाला नव्हता. सून बाजूला होती, तिला विचारा.

तेवढ्यात कारवी हलली आणि मालक बाहेर आले. अनवाणी, पाय रक्ताळलेले, कैद्याचे कपडे चिंब.

"आलो की. किती हाका मारशील," म्हणाले.

आधी चहा पाजला. मग विचारलं.

"कारवी संपली, म्होरं मोकळं वाटलं. पाय उचलला आन् मागनं तुजी हाक आली. नाव घिऊन. म्या ओ दिली न्हाई. दुसरी आली. तिसरीला वळलो. मग तू हाका मारत ऱ्हायलीस, म्या येत ऱ्हायलो. लई लांब हुतीस."

"कवाची गोष्ट?"

"दुपारची."

दुपारी मी एसटीत होते.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. सुनेला घेऊन गेले. कड्याच्या अगदी टोकाला रबराची बेडी कारवीच्या खुंटात अडकून तुटलेली. चिखलात पावलं होती. बोटं खोल रुतलेली, आणि तिथंच टाच फिरलेली. पुढं झुकलेलं गवत, गवताखाली दरी.

मी चौकशी सोडली नाही. मेकअपवाल्या बाईनं हाक मारली असेल म्हणून तिला विचारलं, तर तिला आबा सोडून दुसरं नाव माहीत नव्हतं. आवाज भरणाऱ्याचा माईक दिवसभर चालू होता, म्हणून त्याचं यंत्र कानाला लावून बसले. वारा होता, भोंगा होता, 'आबा, आबा' होतं. बाईचा आवाज कुठंच नाही. सासूची हाक असेल म्हणावं, तर मालक म्हणतात, "आयचा आवाज म्या वळखत न्हाई व्हय? तूच हुतीस."

मी नव्हते, असं सांगितलं तर हसले. "आता लाजतीस व्हय?" दुपारी आम्ही भोरहून एसटीत होतो हे सुनेनं सांगितलं तेव्हा उठून शेरडांकडं गेले.

मला सगळ्यात त्रास होतो तो याचा की रीत मोडली नाही. तीन हाका आल्या, म्हणजे ते माणूसच. आणि त्या आवाजाचं माणूस मी. मग मी कुठं होते?

परवा ते शेरडं सोडत होते तेव्हा मी ठरवून बोलले. "हे बगा, म्या जन्मात तुमचं नाव घेनार न्हाई. तवा माज्या आवाजात नाव ऐकू आलं तर तीनदा येऊ द्या न्हाईतर धा वेळा, वळायचं न्हाई. ती मी नव्हं."

त्यांनी दावं हातावर गुंडाळलं.

"आन् त्या दिशी वळलो नसतो, तर?"

भाद्रपद पुन्हा तोंडावर आला आहे. ते रोज त्याच पठारावर जातात, आणि वळा म्हणू की वळू नका, हे मला अजून सांगता येत नाही.