झेंडूखालची मोटार

आमचे हे मुरबाडच्या एका भातगिरणीवाल्या शेठकडे मोटार चालवायला होते. शेठ गेले, मोटार गिरणीमागे गंजत पडली आणि दोन हजार सालाच्या आसपास शेठच्या मुलांनी ती यांनाच देऊन टाकली. "न्या काका, भंगारवाल्यापेक्षा तुमच्याकडं बरी."

त्याच वर्षी कल्याणच्या डॉक्टरांनी यांना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती औषधानं टिकेल तेवढी टिकवायची. कडेचं दिसेनासं झालेलं, समोरचं अजून दिसत होतं. घरी येताना एसटीत हे एवढंच म्हणाले, "मोटार पहिल्यासारखी झालेली बघायचीय मला. दिसतंय तोवर."

मग काय, लागलो मागे. इंजिन आणि पत्र्याचं काम वाशिंदच्या गॅरेजवाल्यानं केलं. अडलं ते रंगावर. वरचा रंग उन्हापावसानं पार उडालेला. हे म्हणत, हिरवी होती, भाताच्या रोपासारखी. शेठच्या घरून मिळालेल्या आरसी बुकात लिहिलेलं, करडी.

आमचा मुलगा म्हणाला, "बाबा, सरकारी कागद आहे तो."

हे चिडले. "कागदानं चालवली का मी चालवली?"

म्हटलं, भांडू नका, फोटो बघू. आसपासच्या कितीतरी लग्नांत तीच मोटार असायची, शेठ कुणाला नाही म्हणत नसत. मी घरोघर निघाले. म्हसा झालं, सापगाव झालं. गेलं की अल्बम निघायचा, चहा यायचा आणि मानपानावरून कोण रुसलं होतं तिथपासून सगळं लग्न पुन्हा लागायचं. मला काय, आवडायचंच. पण मोटार कुठे? बॉनेटवर झेंडू, टपावर झेंडू, दारांवर आंब्याचे टहाळे, आणि जी फट उरली तिथे करवल्या उभ्या. त्यात बहुतेक फोटो काळे-पांढरे. आणि ही सजावट करायचं कोण? आमचे हेच! मोटार झाकल्याशिवाय नवरी बसवायची नाही, असा यांचा नेम.

घरी येऊन म्हटलं, "बोटभर तरी पत्रा उघडा ठेवायचा होता."

"लग्नाची गाडी ती. नागडी फिरवू काय गो?"

सापगावच्या एका बाईकडे मात्र रंगीत फोटो निघाला. त्यातली नवरी तीच. फोटो लालसर पडलेला, रंग काही कळेना. पण ती गाडीत बसत असतानाचा तो फोटो. दार सताड उघडं, आणि दाराच्या आतल्या कडेला रबराची पट्टी स्पष्ट दिसत होती. तिथवर झेंडू पोचला नव्हता. फोटो देताना ती म्हणाली, "न्या मावशी, पन परत आना हां. माजी आई हाय त्यात."

गॅरेजवाल्यानं फोटो बघून त्याच दाराची ती पट्टी सोलली. तिच्याखाली ऊन कधी लागलंच नव्हतं. कोवळा हिरवा रंग निघाला. पात्यानं जरा खरवडला तर त्याच्याही खाली करडा! म्हणजे शेठनी मोटार जुनी घेऊन रंगवून घेतली होती. कागदही खरा आणि हेही खरे. मुलगा हसला. "हिरवीच करू, बाबा."

पण काम लांबलं. तोवर हे भिंतीला हात लावून चालू लागले, दाराच्या चौकटीत खांदा आपटायचा. मी यांना काही बोलले नाही. गॅरेजवाल्याला मात्र सारखी म्हणायचे, "आटप रे बाबा, आटप."

शेवटी एका सकाळी मोटार अंगणात आली. हे मान इकडून तिकडे वळवत, तुकड्यातुकड्यानं बघत तिच्याभोवती फिरले. दारावरून हात फिरवला. मला वाटलं, यांना दिसतंय तरी का? मग मागच्या चाकापाशी वाकले आणि ओरडले, "हितं रंगाचा हात पातळ मारलाय रे! खालचं दिसतंय!"

गॅरेजवाल्याचं तोंड एवढंसं झालं. मी त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि यांना म्हटलं, "अजून कुठं चुकलाय? बघा. सगळी बघा."