जाताना पायलीभर जोंधळा

औंधला यमाईच्या डोंगराखाली नानासोंचं पाऊण एकर माळरान आहे. जन्मभर त्यांनी मेंढरं राखली. गुडघे गेले तेव्हा ती विकली आणि सून प्रांजल हिच्या सांगण्यावरून माळावर चार जागा आखल्या. पुण्या-मुंबईची माणसं हल्ली घरासारख्या गाड्या घेऊन फिरतात. त्यांनी इथं एक-दोन दिवस थांबावं, नळ-वीज वापरावी आणि मोबाइलवर भाडं भरावं, असा बेत. ह्यातलं भाडं सोडून सगळं नानासोंना कळलं होतं.

दिवाळीपर्यंत जमलं नाही तर मुलगा अमृत प्रांजलला घेऊन कुपवाडच्या कारखान्यात कामाला जाणार होता. नानासो मात्र रोज चारही जागा झाडून घेत.

पहिली गाडी आली. दुसऱ्या दिवशी ती निघताना नानासोंनी पाहुण्यांपुढं पायलीभर जोंधळा ठेवला आणि काय कमी-जास्त झालं असेल तर माफ करा म्हणाले. पाहुण्यांनी तो नेला.

प्रांजलनं कपाळाला हात लावला. "आवं मामा, द्यायचं त्यांनी असतंय!"

"चाळीस वर्सं लोकांच्या रानात मेंढरं बसवली. एकानंबी भाडं घेतलं न्हाई. उठताना जुंधळा बांधून दिला."

"ते लेंड्यांचं खत पडायचं म्हणून!"

नानासोंनी विचार केला. "मग ह्यांचं?"

"गाडीत टाकी असती. संगं घिऊन जात्यात."

"बसायचं आमच्या रानात, आन खत न्यायचं पुण्याला? मग घे भाडं. लय घे."

पण त्या पाहुण्यांनी मोबाइलवर लिहून टाकलं होतं, मालक जाताना ज्वारी देतात. आता येणारा प्रत्येकजण ती मागायचा. नानासो तोंड वाकडं करून द्यायचे. शेजारी म्हणून मला ह्या म्हाताऱ्याचं फार कौतुक वाटतं, पण तोंडावर सांगायची सोय नाही. लगेच हातात झाडू देतो.

दिवाळी आली. चारातल्या दोन जागा भरल्या होत्या. अमृतला त्या कमी वाटल्या. त्यानं बॅग भरली. त्याची आई धोंडुबाई हिनं डोळे पुसत कणगीतला पायलीभर जोंधळा काढून पिशवीत भरला.

नानासोंनी पिशवी घेतली आणि कणगीत रिकामी केली.

"आवं, लेकरू चाललंय नव्हं?"

"जुंधळा उठून जाणाऱ्याला देत्यात," नानासो म्हणाले. "ह्यो बसायला आल्याला न्हाई. रान ह्येचं हाय."

अमृत उंबऱ्यातच थांबला. तेवढ्यात दोन नंबरच्या गाडीवाल्यानं नळाला पाणी नाही म्हणून हाक मारली.

अमृतनं बॅग खाली ठेवली आणि पाना कुठाय म्हणून विचारलं.