भिंत गेली, वेस राहिली

शहराभोवतीचा तट दरवानाच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत पाडला गेला. शत्रू यायचे थांबून कैक पिढ्या लोटल्या होत्या आणि गाड्यांना रस्ता हवा होता. दगड लोकांनी घरांच्या जोत्यांना लावले. वेस तेवढी वाचली, कारण तिच्या कमानीपुढे पहारी वाकल्यावर मुकादमाने नाद सोडला. तट पाडायचा हुकूम निघाला. वेस रोज संध्याकाळी बंद करायचा जुना हुकूम मात्र कुणी मागे घेतला नाही. सरकारी कारभार तो! आधी आजोबांनी, मग वडिलांनी आणि पुढे या दरवानाने खिळ्यांची ती अजस्र दारं रोज इमानेइतबारे लावली. दोन्ही बाजूंना मोकळा रस्ता. लोक हसत बाजूने निघून जायचे.

दरवान राहायचा कमानीतल्या देवडीत, म्हणजे पहारेकऱ्यांच्या जुन्या खोलीत. बायको वेशीबाहेरच्या शिवणकारखान्यात कामाला. लग्नानंतर पहिल्यांदा तिला उशीर झाला, तेव्हा तीही बाजूने आली आणि नवऱ्याला मागून "भॉक" केलं. झालं! पठ्ठ्या तोंड फुगवून बसला. "तूसुद्धा बाजूने आलीस, तर मी इथे काय माशा मारतो?"

तेव्हापासून ती उशिरा आली की कडी वाजवायची. तो आतून "कोण?" विचारायचा आणि मोठ्या दारातलं छोटं दार उघडायचा. येणारेजाणारे दोघांनाही वेड्यात काढायचे.

तो निवृत्त व्हायला आला, तेव्हा नगरपालिकेचा कारकून भेटायला आला. भला माणूस होता. "खोलीत खुशाल राहा काका, कोणी हलवत नाही तुम्हाला. पण दरवानाची जागा आता भरणार नाहीत. दारं भिंतीला कायमची अडकवून टाकू, लोकांना फोटो काढता येतील."

"म्हणजे लावायचीच नाहीत?"

"कशाला? बाजूने रस्ता आहे की!"

खरंच होतं ते. पण दार गेलं की आपण नुसते रस्त्याकडेला बसलेले म्हातारे, दुसरं काय? त्या रात्री बायकोसमोर तो जेवणावरून चटकन उठला.

दारं आकड्यांनी अडकवली, त्या संध्याकाळी तो देवडीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. वेस सताड उघडी. बायकोच्या चपलांचा आवाज कमानीपर्यंत आला आणि थांबला.

भिंतीला अडकवलेल्या दाराची कडी वाजली.

"कोण?" सवयीने तोंडातून निघून गेलं.

"कोण काय कोण! पाय दुखतायत माझे. उघडा आधी."

तो उठला, चपला शोधल्या आणि दार उघडायला बाहेर गेला.