सहावं रबर

दुपारची झोप एकदम येत नाही. आधी पापण्यांत ऊन शिरतं, मग त्या उन्हात घरातले आवाज शिरतात, आणि मग कुठला आवाज घरातला आणि कुठला आपला, हे कळेनासं होतं.

अडीच वाजलेत. मी पिकअपच्या शेजारी, तिच्याच सावलीत, पोतं टाकून पडले आहे. केबिन जॅकवर चार बोटं उचललेली आहे, खाली लाकडी ठोकळा. पाच रबरं बसवून झालीत. सहावं राहिलंय, ड्रायव्हरच्या बाजूचं, पुढचं.

"वन्सं, गाडीखाली झोपू नका," वहिनी पडवीतून म्हणते. "गावात म्हणतील, कुंभाराची लेक पंक्चर झाली."

"खाली कुठं? शेजारी आहे."

"आणि एवढ्या जुन्या गाडीची रबरं मिळाली कुठं तुम्हाला? ह्यांना तर शोधून सापडली न्हाईत."

"कोल्हापुरात," मी म्हणते आणि डोळे मिटते. खोटं नाही. कधी मिळाली, ते तिनं विचारलेलं नाही.

केबिन आणि खालची चॅसी यांच्यामध्ये ही सहा रबरं असतात, भाकरीच्या उंड्याएवढी. रस्त्याचे दणके ती खातात, म्हणून आतल्या माणसाला खावे लागत नाहीत. झिजली की केबिन खाली बसते, वाकडी होते, दारं अडकायला लागतात. आमची पिकअप आबांनी घेतलेली, माझ्याहून मोठी. आबांमागं दादानं चालवली. मडकी, माठ, चुली भरून नेसरीचा बाजार, महागावचा बाजार. आता वहिनी चालवायला शिकलीय. उद्या ती पहिल्यांदा बाजाराला निघणार आहे. पण म्हणते, ड्रायव्हरच्या बाजूचं दार नीट उघडेपर्यंत मी त्या सीटवर बसणार नाही. बरोबरच आहे तिचं. त्या सीटवर दादा गेला.

पापण्यांतलं ऊन तांबडं होतं, मग भट्टीच्या तोंडासारखं. पाठीखालचं पोतं मऊ पडतं, आणखी मऊ, आणि मी मातीवर निजलेली असते, कालवलेल्या, गार मातीवर. कुणीतरी गाडीच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारतं.

टण्.

चाकापाशी दादा उकिडवा बसलाय.

"झोपलीस होय गं शेवू? काम टाकून?"

"पाच झाली, दादा."

"तेल लावलंस का रबराला?"

"साबणाचं पाणी लावलं."

"हां. तेल खातंय रबराला."

मला नवल वाटत नाही. जाऊन चौदा महिने झाले, तरी अंगात तोच बनियन, हात कोपरापर्यंत मातीचे. फक्त ती माती ओली आहे. ओली बघून मला बरं वाटतं, आणि लगेच भीती वाटते.

"बघू कसं बसवलंस," तो म्हणतो आणि वाकतो. मीही वाकते. केबिनखाली रबरं नाहीत. पाच मडकी पालथी घातलेली आहेत, पातळ काठाची, कालच भाजल्यासारखी लाल, आणि त्यांच्यावर सगळी केबिन उभी आहे.

"फुटतील रे!"

"न्हाई फुटत. वजन सारखं वाटलं की माती बी झेलती." तो एकेका मडक्यावरून हात फिरवतो. "सगळं जागेवर बसल्याबिगर एकबी नट आवळायचा न्हाई, कितींदा सांगितलं? तुझी खोडच ती. एकच धरायचा आणि आवळत बसायचं. मग बाकीचं वाकडं का झालं म्हणून रडायचं."

"मी काही आवळलं नाही."

"मला आवळलंस की."

म्हणतो आणि उठतो. तो उठला तेव्हा अंगण होतं; उभा राहिला तेव्हा नेसरीचा बाजार आहे. माणसं आहेत पण बोलत नाहीत. लांबच लांब ओळीनं आमचीच भांडी मांडलेली. ओळीच्या टोकाला एक बाई मान खाली घालून गातेय, आवाज माझा आहे, ओवीही मीच कधीतरी जुळवलेली:

भाऊ माझा गं येतो, धूळ उठते वाटेला
दार उघडाया त्याचं, मीच धावते फाट्याला

"तिला गप्प कर," मी म्हणते.

"गाऊ दे की. चांगलं गाती." दादा ओळीतून चालायला लागतो, भांड्यांना टिचक्या मारत. टण्. टण्. टण्. लहानपणी डोळे बांधून तो सांगायचा, कुठलं कच्चं, कुठलं पक्कं, कुठल्याला तडा, कुठल्यात पाणी. कधी चुकला नाही. मी त्याच्या मागून चालते आणि मला पुढं काय येणार ते दिसतं, आणि पाय थांबत नाहीत.

आमच्या मागल्या पडवीतला रांजण. तडा गेलेला, पाण्याचा उपयोग नाही म्हणून कोपऱ्यात सारलेला.

टिचकी मारतो. बद.

"यात काय गं?"

"राख आहे."

"राख अशी वाजत न्हाई."

माझ्या तोंडात माती भरते. ती थुंकल्याशिवाय बोलता येत नाही, आणि थुंकते ते शब्दच असतात. डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, गाडी बंद करा, छातीला सोसणार नाही. तू हसलास. म्हणालास, गाडी थांबली की मी थांबलो. रबरं मिळेनात म्हणून तू कुरकुरत होतास आणि मला कोल्हापुरात एका जुन्या दुकानात सापडली. मी ती घरी आणली. मग वाटलं, द्यायची कशाला? केबिन खडखडू दे, दार अडकू दे, भांडी फुटू देत. कंटाळेल. सोडेल. मी ती कागदात गुंडाळून खोक्यात घातली, आणि खोकं रांजणात.

"कुंभाराच्या घरात, कुंभारापासनं, भांड्यात लपवलंस?" दादा म्हणतो.

"मला वाटलं, तू गाडी सोडशील."

"आणि मी काय सोडलं?"

तो हसत नाही. त्याच्या थट्टेला शेवटी नेहमी एक हसू असायचं. ते येईल म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत राहते.

बघता बघता मी केबिनमध्ये आहे. ड्रायव्हरच्या जागेवर. डावीकडं आमच्या घराची भिंत, गाडी तिला खेटून लावलेली, त्या बाजूनं मुंगीही उतरायची नाही. काच खाली. बाहेर आमचं अंगण, सकाळचं ऊन, आणि छातीवर कुणीतरी ओल्या मातीचा गोळा ठेवलाय. एवढा मोठा गोळा एका वेळी चाकावर घेत नाहीत.

त्या दिवशी मी बाहेर होते आणि दादा इथं होता. वहिनी माहेरी गेलेली. मी काचेतून हात घातला, आतली कडी फिरवली, बाहेरची फिरवली, पाय लावून दार ओढलं. हललं नाही. ओरडले तेव्हा शेजारची माणसं पहार घेऊन आली. तोवर जे व्हायचं ते झालं. लवकर काढलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, तसं काही सांगता येत नाही. हे वाक्य मी चौदा महिने उलटंसुलटं करून बघतेय.

आता दादा बाहेर उभा आहे.

"ओढ ना दादा! ओढ!"

"ओढून उघडत न्हाई ते." त्याला घाई नाही. "केबिन बसलीय. दार खाली अडकतंय. आधी उचलायचं, मग ओढायचं. रोज तसंच तर उघडत होतो."

"मला कुणी सांगितलं होतं हे?"

"तू ह्या बाजूला कधी बसलीस?"

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंस? माझ्याकडं बघत होतास की!"

"सांगत होतो," दादा म्हणतो. "ओठ हलत होते का न्हाई माझे?"

हलत होते. मला वाटलं, पाणी मागतोय. मी पाणी आणायला आत धावले होते.

मातीचा गोळा छातीवर जड होत जातो. तो दोन्ही हात दाराखाली घालतो, तान्ह्या पोराला झोळीतून उचलावं तसं दार वर उचलतो, आणि दार उघडतं. काहीच आवाज होत नाही. वारा आत येतो.

"दादा, माझ्यामुळं गेलास का?"

तो माझा पाय धरून पायरीवर ठेवतो. हात गार आहेत.

"जपून," म्हणतो. "पायरी उंच हाय."

"दादा, सांग ना."

मी पाय खाली टाकते. खाली जमीन यायला हवी होती.

ऊन पायांवर आलंय. पोतं पोत्यासारखं खरखरीत आहे. केबिन जॅकवर आहे तशीच, पाच रबरांवर आणि एका मोकळ्या जागेवर. पडवीत वहिनी कपबशा वाजवतेय. मी उठून बसते. खोकं ओढते, सहावं रबर बाहेर काढते. सकाळपासून एवढं एकच कागदातून सोडवलेलं नव्हतं. दीड वर्षापूर्वीचं वर्तमानपत्र, मीच गुंडाळलेलं. सोडवते.

काळ्या रबरावर नखाची खूण आहे. खोल, चंद्रकोरीसारखी वळलेली, आणि बरोबर मध्यावर तुटलेली, जणू एकाऐवजी दोन नखं.

मी माझी नखं बघते. कामासाठी सकाळीच मुळाशी कापलेली आहेत.

दादाच्या उजव्या अंगठ्याचं नख दुभंगलेलं होतं. नवी रबरं हातात आली की तो त्यातल्या एकात ते रुतवून बघायचा, मऊ आहे की दुकानात पडून कडक झालंय. प्रत्येक वेळी. न चुकता.

खूण आत्ताची आहे, की दीड वर्षापूर्वीची, मला सांगता येत नाही. आत्ताची असेल तर तो आत्ता इथं होता. जुनी असेल तर त्यानं रांजण कधीच वाजवला होता, खोकं काढलं होतं, रबर दाबून बघितलं होतं, पुन्हा माझ्यासारखीच घडी घालून कागदात बांधलं होतं. आणि रोज सकाळी गप्प बसून ते दार उचलत राहिला होता. कशासाठी गप्प बसला? रागानं? की मला जे करायचं होतं ते करू दिलं? खूण दोन्ही बाजूंनी बघितली तरी तेवढीच आहे.

"चहा घ्या," म्हणत वहिनी येते आणि माझ्या हाताकडं बघून थांबते. कप चाकाशेजारी ठेवते. रबर माझ्या हातातून घेते, उन्हाकडं धरते, आणि त्या तुटक्या कोरीत स्वतःच्या अंगठ्याचं टोक हलकेच ठेवते.



"हे ह्यांचं नख हाय," ती म्हणते. मग माझ्याकडं बघते. "वन्सं, ही रबरं कवा आणली तुम्ही?"

मी सरकते. पोत्यावर तिच्यासाठी जागा करते.

"बस, वहिनी," मी म्हणते. "दादा होता तेव्हाच."